बाराव्या गादीची जाळी

१

आर्लिस ट्वाइटला कुणी विचारलं असतं की तुला सगळ्यात जास्त सुख कशाचं, तर तिने आधी गेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं असतं, मग मुलीचं. आणि मनातल्या मनात म्हटलं असतं, भरतकामाच्या कॅनव्हासच्या कोऱ्या ताग्याचं. खळ दिलेल्या जाळीचा तो ताठपणा, कात्री चालताना येणारी करकर, खिडकीच्या उजेडापुढे धरली की एका ओळीत उभी राहणारी चौकोनी भोकं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी बाईला याहून जास्त काही नको होतं, आणि एवढं मिळतही होतं.

दर मंगळवारी सकाळी दहाला चर्चच्या तळघरात टाकेवाल्या बायका जमत. आठ जणी, कॉफीचं मोठं भांडं आणि कुणीतरी आणलेल्या लिंबाच्या वड्या. लोकर निवडायला सगळ्यांना आवडे. जाळी निवडायचं काम मात्र एकट्या आर्लिसचं. "रंगाला काय, हात आपोआप जातो," ती म्हणायची. "जाळीला डोकं लागतं." यावर बाकीच्या सात जणी एकमेकींकडे बघून घेत. पण जाळी चुकली की भरलेली चिमणी बदकाएवढी होते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

या वर्षी काम मोठं होतं. प्रभुभोजनाच्या वेळी लोक वेदीपुढच्या लाकडी कठड्यापाशी गुडघे टेकतात. तिथल्या बारा गाद्यांचे भरतकाम केलेले अभ्रे साठ वर्षांचे झाले होते. त्यांच्या आयांनीच ते भरलेले. आता नवे करायचे ठरलं, नक्षी ठरली ती माशांची, आणि जाळी ठरली इंचाला तेरा भोकांची. बारीक जाळी, म्हणजे माशाचा एकेक खवला वेगळा दिसावा.

मार्गिट हॉगलंड तेवढी गप्प बसली होती. मार्गिट म्हणजे आर्लिसची शाळेपासूनची मैत्रीण. जिभेला धार, आणि हात असा की तिच्या कामाची उलटी बाजूसुद्धा सुलटी वाटावी. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या मध्यावरची नजर गेली. कडेचं दिसे, समोरचं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, केस दिसत, आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. डाग वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "तेराची जाळी माझ्या बोटांना कागदासारखी सपाट लागते गं. मला पाचाची दे."

"अगं, ती गालिच्याची जाळी. बाकीच्या अकरांशेजारी तरटासारखी दिसेल."

"मग कुणाला न दिसेल अशा जागी ठेव. मला तर नाहीच दिसणार." मार्गिट हसली, पण लगेच थांबली. "यंदा नाही जमलं तर पुन्हा नाही, आर्लिस. एक शेवटची भरू दे."

तेराचा नियम आर्लिसनेच केला होता, तो मोडणंही तिच्याच हातात होतं. आणि सुदैवाने जागा होती. कठड्याच्या उत्तर टोकाची, बारावी. ती आणि बाकं यांच्या मध्ये दगडी खांब, बाजूला चर्च गरम ठेवणारी वाफेची नळी. पास्टरबाई दक्षिण टोकाकडून भाकर वाटत येत, अकरा माणसं झाली की पुढची रांग बोलावत. बाराव्या गादीवर गुडघे टेकलेलं माणूस आर्लिसने जन्मात पाहिलं नव्हतं.

"बारावी तुझी," ती म्हणाली.

२

चांगली जाळी कापण्याआधी आर्लिस तिची परीक्षा घेत असे. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात लोक जास्त येतात, जास्त वेळ गुडघ्यांवर राहतात. म्हणून तो काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी तिने जुन्या अकरा गाद्यांवर नमुन्यांचे चौकोन टाचले. एक एकेरी विणीचा, एक गुंतवलेल्या विणीचा, एक दुहेरी. गुडघ्यांची ऊब आणि घाम लागला की जाळीची खळ जाते आणि भोकं वाकडी होतात. ईस्टरपर्यंत जिची खळ टिकेल ती जाळी खरी.

बाराव्या गादीवर तिने पाचाच्या जाळीचा गादीएवढा अख्खा तुकडा टाचला. तिथे कोण येतंय, तो कोराच राहणार. बाकीचे नमुने त्याच्याशी ताडून बघता येतील आणि नंतर तोच मार्गिटला देता येईल. शिवाय तुकडे कापायचा कंटाळा आला होता, हेही खरं.

टाचताना एक गोष्ट तिच्या नजरेला आली. बाराव्या गादीचा जुना अभ्रा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त झिजला होता. माशाचं डोकं पार गेलेलं, खालची तपकिरी जाळी उघडी. अकरा गाद्यांवर साठ वर्षं गाव गुडघे टेकत आलं, आणि झिजली ती बारावी. उंदीर असतील, कसर असेल, नाहीतर नळीच्या उष्णतेने लोकर कुजली असेल. आर्लिसला नळीचं कारण पटलं. ते पटवून घेऊन ती घरी गेली आणि वाटाण्याचं सूप करून पोटभर जेवली.

३

ईस्टर यंदा लवकर आला होता. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सरोवरावरचा बर्फ अजून तडकत होता, त्याचा आवाज चर्चच्या आतपर्यंत येत होता. आर्लिस एकेक नमुना उसवत दक्षिणेकडून निघाली. एकेरी वीण ढिली पडलेली. गुंतवलेली बरी. दुहेरी अगदी घट्ट, जशी टाचली तशी. आपला अंदाज बरोबर ठरला म्हणून ती गुणगुणत होती.

बारावीचा तुकडा उसवून उचलला आणि तो तिच्या हातावर लोळला. खळ नावालाही उरली नव्हती. शंभरदा धुतलेल्या फडक्याएवढा मऊ.

ओल आली असेल, तिने मनाशी म्हटलं. वरून गळत असेल. तिने वर पाहिलं, छत कोरडं होतं. मग तिने तुकडा गादीवर परत होता तसा पसरला आणि चष्मा पुसून पाहिला. जाळीत दोन गोल खळगे होते, शेजारी शेजारी. आणि प्रत्येक खळग्यामागे एक लांबट उथळ पन्हळ.

गुडघा आणि नडगी. अशा खुणा ती सकाळपासून अकरा गाद्यांवर बघत आली होती. गुडघ्याचा खळगा कठड्याकडे, नडगीची पन्हळ मागे बाकांकडे. माणूस वेदीकडे तोंड करून बसतं, त्यामुळे दुसरं काही होणंच शक्य नाही.

इथे खळगे बाकांकडे होते. पन्हळी कठड्याकडे जाऊन गजांच्या खाली संपत होत्या.

खाली ऑर्व्हल झाडलोट करत होता. चाळीस वर्षं चर्चची देखभाल करणारा म्हातारा. आर्लिसने त्याला वर बोलावलं.

"ऑर्व्हल, इथे कुणी येऊन बसतं का?"

"तिथे? खांबाआड? तिथे भाकर पोचत नाही न् वाइनही नाही. कोण कशाला बसेल?"

"पोरं खेळतात का?"

"पोरं आहेत कुठे आपल्या चर्चला? सगळ्यात लहान मी." तो आपल्याच विनोदावर हसला.

"मग झाडताना तू गादी उलटी बांधत असशील."

"तुमच्या फितींच्या गाठी मी सोडवू? एकदा सोडवली होती तेव्हा तुम्ही मला महिनाभर वडी दिली नव्हती. तेव्हापासून कानाला खडा."

गाठी तिच्याच होत्या, तिने ओळखल्या. ऑर्व्हल खाली गेला. नळी टिकटिक करत होती. मग, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, तिने स्वतः तिथे उलटं बसून पाहिलं. वेदीकडे पाठ, पाय गजांमधून पलीकडे. बसता येत होतं. अवघड होतं, पण येत होतं. समोरच्या खांबाने सगळं चर्च झाकलं होतं. खांबाच्या कडेने बाकांची फक्त एक पट्टी दिसत होती, चौथ्या रांगेचं टोक.

त्या टोकावर आर्लिस एकतीस वर्षं बसत आली होती.

कुणाची तरी जागा तिथून दिसणारच की, तिने स्वतःला समजावलं. माझी नसती तर दुसऱ्या कुणाची दिसली असती. हे बरोबरच होतं. तरी उठताना तिने कठडा घट्ट धरला.

४

तो तुकडा मार्गिटला द्यायचा नाही हे तिने जिना उतरताना ठरवलं. पण पिशवीत बाकीच्या नमुन्यांबरोबर तोही होता, आणि मार्गिटची बोटं कॉफी ओतायच्या आधीच पिशवीत शिरली होती.

"ही," मार्गिट म्हणाली. "अगं, ही कुठे होती इतके दिवस?"

"ती खराब झालीय. नवी देते तुला."

"खराब? हिची भोकं बोटाला आपणहून सापडतायत. नवी जाळी कशी कडक, बोटं सोलतात. हिला कुणीतरी माझ्यासाठी मळून ठेवलंय." तिने तो तुकडा गालाला लावला. "ऊबसुद्धा आहे."

"आत्तापर्यंत तुझा हात कोटाच्या खिशात होता, त्याची ऊब असेल."

"माझे हात बारा महिने गार असतात. तुझ्याच मानेवर लावून पाहिलेयत मी, आठवीच्या वर्गात."

आर्लिसने तेवढ्यावर हार मानली नाही. घरी जाऊन तिने त्याच ताग्यातला नवा तुकडा कापला, कोमट पाण्यात भिजवला, पिळला, चुरगळला, सुकवला, पुन्हा भिजवला. चार दिवसांनी तो अगदी तसाच मऊ झाला. दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले तर तिचे तिलाच ओळखू येईनात. मग तिने नवा मार्गिटच्या घरी नेला आणि काही न बोलता हातात दिला.

मार्गिटने त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि तो परत सरकवला.

"हिला नुसतं धुतलंय," ती म्हणाली. "ती वापरलेली होती."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण सांगायचं काय? की एका गादीवर कुणी बसत नाही, आणि जे बसतं ते उलटं बसतं? मार्गिटने तिला डोक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. आणि पाठवलं नसतं, घाबरून सुई खाली ठेवली असती, तर ती सुई पुन्हा कधीच उचलली गेली नसती. आर्लिसला भीती वाटत होती, पण मैत्रिणीच्या रिकाम्या हातांची भीती त्याहून मोठी होती. तिने पिशवीतून पहिला तुकडा काढून दिला.

५

तो उन्हाळा दोघींना चांगला गेला. मार्गिट दुपारी व्हरांड्यात बसे, दुहेरी लोकर ओवलेली जाड सुई घेऊन, मान वर, नजर सरोवराकडे. बोटं भोकं मोजत. एक मोठा निळा मासा, खवले नाहीत, बारीकसारीक काही नाही. आर्लिस शेजारी बसून आपल्या अकराव्या गादीचे खवले भरे आणि मध्येच तिचं काम तपासे. चूक सापडेना.

"सांग ना, कुठे चुकलंय?"

"कुठेच नाही."

"मग तोंड का पाडलंयस? ऐकू येतं मला."

"त्या जाळीत मला काहीतरी खटकलं होतं, मार्गिट."

"तुला खटकत नाही असं आहे काय? तुझ्या लग्नाच्या केकमध्येही तुला खटकलं होतं." आणि दोघी हसल्या, कारण केक खरंच कच्चा होता.

कापणीच्या सणाच्या रविवारी नव्या गाद्यांचं अर्पण झालं. आपण भरलेल्या गादीवर आपणच पहिल्यांदा गुडघे टेकायचे हा टाकेवाल्यांचा रिवाज. पास्टरबाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं, "मार्गिटबाई, तुम्ही बसा बाराव्या जागी, मी येईन तिथपर्यंत." आर्लिस तिला हाताला धरून घेऊन गेली आणि स्वतः शेजारी अकराव्या गादीवर टेकली.

मार्गिटने गुडघे टेकले. मग, भरलेल्या बाकावर आपण दुसऱ्याला जागा करून देतो तशी, ती किंचित मागे सरकली.

"माफ करा हं," ती हळूच म्हणाली.

आर्लिसने मान खाली घातली होती. तिला मार्गिटच्या स्कर्टची कड दिसत होती, आणि त्यापुढे, गुडघे आणि कठडा यांच्या मधली गादी. निळ्या माशाचं डोकं. ते खाली दबत होतं. आधी एका जागी, मग शेजारी दुसऱ्या जागी, सावकाश, कुणी दुखरे सांधे जपून टेकवावे तसं. लोकरीचे धागे बाजूला झाले आणि मधून जाळी दिसली.

तिने डोळे मिटून घेतले. पास्टरबाईंची पावलं जवळ आली. हातावर भाकरीचा तुकडा पडला, मग मार्गिटच्या हातावर. पावलं गेली. ऑर्गन वाजायला लागल्यावरच आर्लिसने डोळे उघडले, आणि गादी सपाट होती.

गाडीत, पूल ओलांडल्यावर, आर्लिसने पाहिलं तर मार्गिट रडत होती, आणि चेहरा मात्र आनंदाने फुललेला.

"तीन वर्षांत मी कुणाचा चेहरा बघितलेला नाही," ती म्हणाली. "नातवाला दाढी आली, ती मी हाताने पाहिली. आज बघितला, आर्लिस. अख्खा. भुवया, नाक, ओठांजवळची सुरकुती. इतका जवळ."

"कुणाचा?"

"ओळखीचा नाही. दमलेला होता. पण चेहरा होता गं."

आर्लिसने गाडी कडेला घेतली. "काही बोललं ते?"

"माझ्याशी कशाला बोलेल? माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही." मार्गिटने रुमालाने डोळे पुसले. "ते तुझ्याकडे बघत होतं. सगळा वेळ."

६

नाही म्हणता आलं असतं. गुडघे दुखतात म्हणता आलं असतं, चर्च बदलता आलं असतं. पलीकडच्या गावात चांगलं आहे, तिथली कॉफीही बरी. आर्लिसने हे सगळं आठवडाभर घोळवलं. शनिवारी संध्याकाळी फोन वाजला.

"उद्या नेशील ना मला? त्याच जागी?" मार्गिटच्या आवाजात लहान मुलीचा हट्ट होता. इतक्या वर्षांत तिने आर्लिसकडे असं काही मागितलं नव्हतं.

"नेईन," आर्लिस म्हणाली.

आणि ती नेत राहिली. दर रविवारी बारावी जागा मार्गिटची, अकरावी तिची. आर्लिस मान खाली घाली, डोळे मिटून घेई आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर पडलेली नजर सोसत राही. तिला वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं. थंडीत खिडकीजवळ बसण्याची जशी सवय होते तशी झाली. गाडीत मार्गिट सांगे. आज दाढ दुखत असावी असं दिसत होतं. आज पापण्या ओल्या होत्या. आज, आपली आर्लिस कशी छान दिसते, असं वाटत असावं त्याला. मार्गिट पुन्हा तोंडभर बोलायला लागली होती, मंगळवारी वड्याही करून आणायला लागली होती. तिच्या लेकीने आर्लिसचे हात धरून आभार मानले.

नाताळला तीन आठवडे राहिले होते तेव्हाची गोष्ट. परतताना मार्गिट हातमोजे काढत आणि घालत होती.

"काय झालं?"

"आज ते सरकलेलं होतं थोडं."

"कुठे?"

"तुझ्या बाजूला." मार्गिटने हातमोजे पुन्हा काढले. "मला कडेनेच बघावं लागलं आणि कडेने चेहरा नीट लागत नाही. आर्लिस, ते तुझ्याकडे आलं तर मला दिसेल का गं?"

आर्लिसला वाटलं, आता तरी ओरडावं. पण मार्गिट तिच्याकडे तोंड वळवून उत्तराची वाट बघत होती आणि तिला भीती होती ती फक्त एवढ्याचीच.

"दिसेल," ती म्हणाली. "मी तुला चिकटून बसेन."

मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी गेली. अकराव्या गादीवर तिने भरलेले खवले, दोन महिन्यांचे, अजून कोरे दिसायला हवे होते. कठड्याकडच्या कडेला लोकर दबून आडवी झाली होती, आणि तिच्याखालची तेराची बारीक जाळी एका जागी वाकडी झाली होती. आर्लिसने त्या जागी तळवा ठेवला. मग तळघरात जाऊन दिवा लावला, दुहेरी विणीचा, सगळ्यात मजबूत तागा काढला, आणि अकराव्या गादीसाठी नवी जाळी मापून कापली. या वेळी तिने मापात दोन्हीकडचे गुडघे धरले, आपले आणि त्याचे.